तयार जेवणाच्या पाकिटात पैसे नेमके कशाचे जातात?

पत्र: ताई, मी एकटी राहते. खोलीत मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रीज आहे, शेगडी ठेवायला परवानगी नाही. कामाच्या पाळ्या बदलत्या असतात. रात्री उशिरा परतले की तयार जेवणाचं एक पाकीट गरम करते, खाते आणि झोपते. पण खाण्यासाठी बाजूला काढलेले पैसे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातच संपतात. स्वस्तातलं पाकीट आणलं तर दोन तासांत पुन्हा भूक लागते, मग बिस्किटं खाते नाहीतर बाहेरून मागवते. महागातलं आणलं तर हिशेब कोलमडतो. मध्ये ऑफर बघून एकदम बरीच पाकिटं आणली, त्यातली काही तारीख उलटल्यामुळे टाकून द्यावी लागली. त्यात मोठी बहीण म्हणते, हे रोज खाणं म्हणजे पैसे देऊन आजार विकत घेणं. परवडणारं आणि तरीही चांगलं पाकीट ओळखायचं कसं? आणि रोज खाल्लं तर खरंच बाधतं का?
– पाकिटांना कंटाळलेली, पण पर्याय नसलेली

उत्तर:

तुमच्या बहिणीच्या बोलण्यापासून सुरुवात करते, कारण पत्रात तेच सगळ्यात जास्त टोचलेलं दिसतं. त्या काळजीपोटी बोलतात यात शंका नाही. पण रात्री उशिरा दमून आलेल्या माणसाच्या पाकिटाची तुलना घरी सावकाश रांधलेल्या ताटाशी करणं बरोबर नाही. ते ताट त्या वेळी तुमच्यासमोर नसतंच. तुमच्यासमोर असतात बिस्किटं, बाहेरून मागवलेलं जेवण किंवा उपाशी झोपणं. या तिन्हींच्या शेजारी ठेवलं तर नीट निवडलेलं पाकीट पैशांतही उजवं ठरतं आणि पोषणातही. तेव्हा ही टोचणी आधी मनातून काढा. आपण काहीतरी चुकीचं करतोय असं वाटत असलं की माणूस दुकानात लेबल वाचत थांबत नाही, हाताला येईल ते उचलून बाहेर पडतो. खरं नुकसान तिथे होतं.

आता पैशांचं बघू. तयार जेवणाच्या किमतीत कच्चा माल असतो, करणाऱ्यांची मजुरी असते, वेष्टण, वाहतूक, थंड ठेवण्याचा खर्च आणि जाहिरात असते, शिवाय न खपता फेकून दिलेल्या मालाची भरपाईही असते. त्यामुळे एकाच दुकानातली दोन पाकिटं सारख्या किमतीची असली तरी एकात तुम्ही कोणाच्या तरी तासाभराच्या कष्टाचे पैसे देत असता आणि दुसऱ्यात चक्क पाण्याचे. शिजवलेल्या साध्या भाताचं पाकीट घ्या. २५० ग्रॅम वजनाच्या अशा पाकिटात कोरडा तांदूळ साधारण ९० ते १०० ग्रॅमच असतो, कारण तांदूळ शिजला की त्याचं वजन अडीच ते तीन पट होतं. बाकीचं वजन पाण्याचं. हे काम तुमचा मायक्रोवेव्हही करू शकतो. उलट कांदा परतून, मसाला घालून, मंद आचेवर शिजवलेला रस्सा किंवा रात्रभर भिजवून मऊ शिजवलेलं कडधान्य तुम्हाला त्या खोलीत, त्या वेळी करणं अवघड आहे. पैसे द्यायचे तर त्याचे द्या.

माझ्या सल्ल्याचा गाभा एवढाच आहे: जेवणातला अवघड भाग विकत घ्या, सोपा भाग स्वतः करा. भात, भाजी आणि रस्सा एकाच ताटलीत कप्पे करून विकतात, ती पाकिटं दिसायला पूर्ण जेवण असतात. पण त्यांच्या वजनातला मोठा वाटा अनेकदा भाताचा, बटाट्याचा किंवा पास्त्याचा असतो आणि तो रश्श्याच्याच भावाने विकला जातो. त्याऐवजी नुसत्या मुख्य पदार्थाचं पाकीट घेतलंत आणि सोबतचा भात किंवा बटाटा आपला केलात, तर तेच पाकीट बऱ्याचदा दोन वेळांना पुरतं.

शेगडी नाही म्हणून हात आखडू नका. खोल काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात धुतलेला तांदूळ आणि त्याच्या दुप्पट पाणी घाला. भांडं खोलच हवं, नाहीतर पाणी उतू जातं. पूर्ण शक्तीवर उकळी येऊ द्या, मग शक्ती अर्ध्यावर आणून पाणी आटेपर्यंत ठेवा आणि झाकून ५ मिनिटं मुरू द्या. सगळं मिळून साधारण पाव तास लागतो आणि त्यात तुमचं लक्ष जेमतेम दोन मिनिटं. मध्यम आकाराचा बटाटा काट्याने चारही बाजूंनी टोचून ठेवला की ५ ते ७ मिनिटांत शिजतो, फक्त मध्ये एकदा उलटावा. पाव किंवा पोळी विकत आणली तर तेवढंही करावं लागत नाही.

दोन तासांत परत भूक लागते, असं तुम्ही लिहिलंत. याचं उत्तर पाकिटाच्या मागच्या तक्त्यात आहे, पण तो वाचताना एक खाच लक्षात ठेवायची. आकडे दोन प्रकारे छापतात, प्रति १०० ग्रॅम आणि प्रति सर्व्हिंग, आणि सर्व्हिंग म्हणजे किती हे कंपनीच ठरवते. एका माणसाने सहज संपवावं अशा पाकिटावर 'दोन सर्व्हिंग' छापलेलं असतं, त्यामुळे मीठ आणि चरबीचे आकडे निम्मे दिसतात. म्हणून प्रति १०० ग्रॅमचा आकडा घ्या आणि पाकिटाच्या निव्वळ वजनाने तो वाढवा. समजा पाकीट ३०० ग्रॅमचं आहे आणि १०० ग्रॅममध्ये ११० किलोकॅलरी आहेत. म्हणजे पूर्ण पाकिटात झाल्या ३३०. लेबलांवर प्रौढ माणसाच्या दिवसाच्या गरजेसाठी सहसा २००० किलोकॅलरींचा आकडा धरतात. दिवसातून तीनदा जेवायचं म्हटलं तर एका वेळेला साडेसहाशेच्या आसपास येतात. तुमच्या हातातलं पाकीट त्याच्या निम्मं आहे. भूक लागणारच, त्यात तुमच्या मनोनिग्रहाचा काही दोष नाही. ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली असेल तर त्या आकड्याला ४.२ ने भागा.

कॅलरीपेक्षाही जास्त पोट धरतात प्रथिनं आणि तंतू म्हणजे फायबर. मुख्य जेवणासाठी मी स्वतः ५०० ते ६५० किलोकॅलरी, किमान १८ ते २० ग्रॅम प्रथिनं आणि ६ ग्रॅमच्या वर फायबर अशी मोजपट्टी धरते. ही तुमच्या अंगकाठीप्रमाणे थोडी इकडेतिकडे होईल. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढासाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांचं मान दिलं आहे, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. दिवसातल्या एका जेवणाने त्यातला तिसरा हिस्सा तरी उचलायला हवा.

स्वस्त आणि महाग पाकिटांची तुलनाही मी याच वाटेने करते. समजा पहिलं पाकीट ३०० ग्रॅमचं आहे, १०० ग्रॅमला ३ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे एकूण ९ ग्रॅम. दुसरं ३५० ग्रॅमचं, १०० ग्रॅमला ६ ग्रॅम, एकूण २१. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या दीडपट आहे. फळीवर बघताना पहिलं स्वस्त वाटतं. पण किमतीला प्रथिनांच्या ग्रॅमनी भागून बघा. प्रत्येक ग्रॅम प्रथिनामागे दुसरं पाकीट एक तृतीयांशाहून थोडं जास्तच स्वस्त निघतं. पहिलं खाऊन वर बिस्किटांचा पुडा फोडावा लागत असेल तर तो खर्चही पहिल्याच्याच खात्यावर मांडायला हवा. तुमचे पैसे तिसऱ्या आठवड्यात कुठे जातात याचं मोठं उत्तर मला इथेच दिसतं. स्वस्त पाकिटाने अर्धवट सोडलेलं जेवण तुम्ही रोज बाहेरून महागात पूर्ण करता आहात.

याचा अर्थ महाग तेच चांगलं असाही नाही. 'हलकं', 'फिट', 'डाएट' अशा शब्दांनी विकलेल्या पाकिटांत ऊर्जा मुद्दाम कमी ठेवलेली असते, आणि कमी अन्नाचे तुम्ही जास्त पैसे देता. तुमच्यासारख्या पाळी संपवून दमून आलेल्या बाईला त्याचा उपयोग नाही. 'जास्त प्रथिनं' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं तरी मागचा आकडा बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. शेजारच्या साध्या पाकिटात तेवढीच प्रथिनं असू शकतात. तसंच वेष्टणावरचा फोटो सजवून काढलेला असतो आणि आत काय आहे हे घटकांची यादी सांगते. अन्नाच्या लेबलांसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेचा १९८५ पासूनचा नियम आहे की घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, आणि बहुतेक देशांनी तो आपल्या कायद्यात घेतला आहे. म्हणून यादीतली पहिली तीन-चार नावं नीट वाचा. ज्या पदार्थाचं नाव पुढे ठळक छापलंय तो यादीत पाणी, पीठ, तेल आणि साखरेच्या मागे सहाव्या क्रमांकावर असेल, तर ते पाकीट परत ठेवा. बऱ्याच ठिकाणी नावातल्या घटकाचं टक्केवारीतलं प्रमाणही यादीत द्यावं लागतं. ते मिळालं तर निर्णय एका नजरेत होतो.

दुकानाच्या स्वतःच्या नावाने विकला जाणारा माल घ्यावा का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या खर्चाला तो लागू आहे. जाहिरातीचा खर्च नसल्याने ही पाकिटं बहुधा स्वस्त असतात. नामांकित पाकीट आणि दुकानाचं पाकीट शेजारी धरा. पहिले चार घटक सारखे आणि प्रथिनं, मीठ यांचे आकडे जवळपास असतील तर स्वस्त असेल ते उचला. फळीवर किमतीच्या पट्टीवर बारीक अक्षरात १०० ग्रॅमचा किंवा किलोचा भाव दिलेला असतो, तोच आकडा बघायची सवय लावा. नसेल तर फोनवर भागाकार करा. वेष्टण तेच ठेवून आतलं वजन गुपचूप कमी करण्याची रीत सगळीकडे आहे, आणि ती फक्त या एका भागाकारात पकडली जाते. डब्यातल्या कडधान्यांत तर आणखी एक भेद असतो. ४०० ग्रॅमच्या डब्यातलं पाणी निथळलं की हाती साधारण २४० ग्रॅम माल येतो, म्हणून तिथे निथळलेल्या वजनावर भाव काढा.

आता कोणत्या प्रकारचं पाकीट घ्यावं ते सांगते. तुमचा फ्रीज छोटा आहे, त्यामुळे इथे जरा थांबून बोलायला हवं.

दुकानातल्या थंड कपाटात ठेवलेलं ताजं तयार जेवण चवीला बहुधा सगळ्यात चांगलं असतं आणि खिशाला सगळ्यात जड. ते चार-सहा दिवसांचंच असतं, त्यामुळे बराच माल वाया जातो आणि तो तोटा किमतीत धरलेला असतो. गोठवलेलं जेवण महिनोन्महिने टिकतं, म्हणून त्यात हा तोटा कमी. तोच पदार्थ ताज्या पाकिटात आणि गोठवलेल्या पाकिटात मिळत असेल तर गोठवलेलं सहसा स्वस्त पडतं. तिसरा प्रकार फ्रीजबाहेर टिकणाऱ्या डब्यांचा आणि चकचकीत जाड पाऊचचा. बहिणीला सांगा, की हे महिनोन्महिने टिकतं म्हणजे त्यात रसायनं ठासून भरलेली असतातच असं नाही. हवाबंद करून उष्णता द्यायची ही युक्ती निकोला आपेर या फ्रेंच माणसाने १८१० साली जाहीर केली, आणि आजचे पाऊच त्याच तत्त्वावर दाबाखाली साधारण १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवले जातात. आतले जंतू मरतात आणि बंद पाऊचमध्ये नवे शिरू शकत नाहीत, म्हणून ते टिकतं. परिरक्षक घातलं आहे की नाही हे घटकांच्या यादीत लिहिलेलंच असतं. एकच काळजी घ्यायची, फुगलेला, गळका किंवा शिवणीवर चेपलेला डबा आणि फुगलेला पाऊच उघडूनही बघायचा नाही, तसाच टाकायचा.

छोट्या फ्रीजच्या वरच्या कप्प्याला लोक फ्रीजर म्हणतात, पण तो खरा फ्रीजर असेलच असं नाही. त्याच्या दारावर चांदण्या छापलेल्या असतात त्या बघा. एक चांदणी म्हणजे उणे ६ अंश, तिथे गोठवलेलं अन्न आठवडाभरच ठेवायचं. दोन म्हणजे उणे १२, तिथे महिनाभर. तीन असतील तर उणे १८, आणि तिथे पाकिटावरची पूर्ण मुदत पाळता येते. तुमच्या कप्प्याला एकच चांदणी असेल तर गोठवलेल्या पाकिटांचा साठा करू नका. आठवड्याचं आठवड्याला आणा आणि पेटीत पाऊच, डबे ठेवा. खोलीच्या तापमानाला ठेवता येणाऱ्या मालाला फ्रीजमधली जागा लागत नाही, आणि तुमच्याकडे सगळ्यात कमी काय असेल तर ती जागाच.

टाकून दिलेल्या पाकिटांमुळे तुम्हाला वाईट वाटलं, ते साहजिक आहे. पण ती सगळी टाकायची गरज होती का, हे तारखेच्या शब्दांवर ठरतं. 'यूज बाय' म्हणजे त्या दिवसापर्यंतच खायचं. ती सुरक्षिततेची तारीख आहे, वास चांगला येत असला तरी नंतर खाऊ नये. 'बेस्ट बिफोर' ही चव आणि पोत उत्तम राहण्याची तारीख असते. नीट ठेवलेला डबा, पाऊच किंवा गोठवलेलं पाकीट त्यानंतरही काही काळ खाता येतं, फक्त चव थोडी उतरते. 'यूज बाय' असलेलं ताजं पाकीट वेळेत संपणार नाही असं दिसलं, तर तारखेच्या आतच गोठवा. पाकिटावर घरी गोठवायला हरकत नाही असं लिहिलेलं हवं आणि कप्पा उणे १८ अंशांचा हवा. नंतर ते रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सुटू द्या आणि पुढच्या २४ तासांत संपवा.

हे कळलं की ऑफरचाही निकाल लागतो. 'तीन घ्या, दोनाचे पैसे द्या' ही योजना टिकणाऱ्या मालावर असेल आणि तो पदार्थ तुम्ही आधी खाऊन बघितलेला असेल, तरच ती तुमच्या फायद्याची. ताज्या पाकिटांवरची तीच योजना दुकानाचा माल तुमच्या फ्रीजमध्ये हलवते आणि वाया जाण्याचा तोटाही तुमच्याकडे येतो. त्यापेक्षा, तारीख जवळ आलेल्या पाकिटांवर संध्याकाळी किंमत उतरवून चिठ्ठी लावतात ती बघा. बऱ्याच दुकानांची ही वेळ ठरलेली असते आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारलं तर ते सांगतात. तुमच्या पाळ्या बदलत्या असल्यामुळे आठवड्यातून एखाद्या दिवशी ती वेळ तुम्हाला साधेल. असं पाकीट त्याच रात्री खायचं, किंवा वर सांगितल्याप्रमाणे गोठवायचं. नवा पदार्थ कितीही स्वस्त मिळाला तरी पहिल्यांदा एकच आणा.

रोज खाल्लं तर बाधतं का? हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण तो हलका नाही आणि मी तो हलका करणार नाही. पहिली बाब मिठाची. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, आणि तयार जेवणात ते भरपूर असतं. लेबलवर सोडियम दिलेलं असेल तर त्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ कळेल. पाकिटात ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर मीठ झालं २ ग्रॅम, दिवसाच्या मर्यादेतला मोठा घास. एका पाकिटाला दीड-पावणेदोन ग्रॅमपर्यंत मीठ असेल तर ठीक, त्याच्या वरची पाकिटं रोजच्या यादीतून काढा. इथेही स्वतःच्या बिनमिठाच्या भाताचा उपयोग होतो. खारट रस्सा दोन वेळांना वाटला गेला की प्रत्येक वेळचं मीठ निम्मं होतं. झटपट नूडल्समध्ये मिठाचा मोठा भाग मसाल्याच्या पुडीत असतो. अर्धीच पुडी घाला, हळूहळू जिभेला सवय होते.

दुसरी बाब अतिप्रक्रियायुक्त अन्नाची, म्हणजे कारखान्यात बरीच प्रक्रिया करून, घरच्या स्वयंपाकात नसणारे घटक घालून बनवलेल्या अन्नाची. याबद्दल बहिणीने वाचलं असेल. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २० प्रौढांना महिनाभर ठेवून घेतलं, दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त जेवण दिलं आणि दोन आठवडे साधं. दोन्ही जेवणांत साखर, चरबी, मीठ, फायबर सारखंच वाढलं होतं आणि हवं तेवढं खायची मुभा होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अतिप्रक्रियायुक्त जेवणाच्या दिवसांत माणसं रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होती आणि त्यांचं वजन वाढलं. प्रयोग छोटा होता, पण काटेकोर होता, म्हणून मी तो गंभीरपणे घेते. मात्र तयार जेवण म्हटलं की ते अतिप्रक्रियायुक्तच, असं समजू नका. कडधान्य, टोमॅटो, कांदा, तेल, मसाले, मीठ एवढीच यादी असलेला पाऊच हे कुणीतरी शिजवून बंद केलेलं जेवणच आहे. ज्या यादीत तुमच्या स्वयंपाकघरात कधीच नसणारी नावं एकामागून एक येतात, ती पाकिटं कधीमधी खायची. तुम्हाला रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र माझ्या आकड्यांवर न जाता डॉक्टरांना लेबल दाखवून विचारा.

पाकिटात जे कमी पडतं ते वरून घाला. गोठवलेल्या भाज्यांची मोठी पिशवी किलोच्या भावात स्वस्त पडते आणि लागेल तेवढी मूठ काढता येते. भाज्या तोडल्यावर लवकरच गोठवतात, त्यामुळे त्यांतलं पोषण चांगलं टिकतं. पाकीट गरम करताना शेवटच्या दोन-तीन मिनिटांत मूठभर घाला. प्रथिनं कमी असतील तर डब्यातलं निथळलेलं कडधान्य अर्धा डबा घालून साधारण ८ ग्रॅम वाढतात, ३० ग्रॅम शेंगदाण्यांनी ७ ग्रॅमच्या वर, एका अंड्याने ६. अंडं मायक्रोवेव्हमध्ये कवचासकट कधीच ठेवू नका, ते फुटून अंगावर उडतं. वाटीत फेटून, अर्धा-अर्धा मिनिट ठेवत, मध्ये ढवळत शिजवा.

गरम करण्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण मायक्रोवेव्ह अन्न सारखं तापवत नाही. कडेला वाफ येते आणि मधे गार गोळा राहतो. मध्ये एकदा ढवळा, पाकिटावर सांगितलेली मिनिटं तसंच झाकून ठेवा, आणि मधोमध वाफ दिसली तरच खा. आतपर्यंत ७० अंशांच्या वर जायला हवं. उरलेला अर्धा भाग ताटलीत काढून न ठेवता दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या आणि पुढे एकदाच गरम करा. भाताच्या बाबतीत याहून कडक राहा. त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानेही मरत नाहीत आणि भात बाहेर राहिला की ते जे विष तयार करतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. भात तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. त्यामुळे आठवड्याचा भात एकदम करून ठेवण्याचा मोह नको, दोन वेळांचा पुरे.

आता महिना कसा बसवायचा. येणारे सात दिवस काहीही बदलू नका, फक्त पाकिटं, बिस्किटं आणि मागवलेलं जेवण यांचा खर्च वेगवेगळा लिहा. मला वाटतं, मागवलेल्या जेवणाचा रकाना बघून तुम्ही स्वतःच चमकाल. मग त्यातल्या निम्म्या पैशांची चांगल्या प्रतीची पाकिटं आणा, प्रथिनं आणि वजन बघून. ती सगळ्यात दमवणाऱ्या पाळीच्या रात्रींसाठी राखून ठेवा. त्या रात्री भातही करायचा नाही, पूर्ण पाकीट आणि मूठभर भाजी. बाकीच्या रात्री नुसत्या रश्श्याचा पाऊच आणि आपला भात किंवा बटाटा. सुट्टीच्या आदल्या दिवशी किंमत उतरवलेलं ताजं काहीतरी, कारण कंटाळा हाही खर्चाचं मोठं कारण आहे, आणि तीच चव आठ दिवस खाल्ली की नवव्या दिवशी माणूस बाहेरून मागवतोच. शिवाय पेटीत दोन पाऊच असे ठेवा, की ज्यांना एरवी हात लावायचा नाही. ते पावसाच्या, तापाच्या, उशीर झालेल्या रात्रीसाठी.

हे सगळं करूनही तिसऱ्या आठवड्यात पैसे संपले, तर तुमची निवड चुकतेय असं समजू नका. मग तुम्ही बाजूला काढत असलेली रक्कमच एका माणसाच्या जेवणाला अपुरी आहे. अशा वेळी जेवण गाळून हिशेब जुळवू नका. कामाच्या ठिकाणी पाळीत जेवण किंवा त्याचा भत्ता मिळतो का ते लेखी विचारा, बऱ्याच जणांना तो असूनही ठाऊक नसतो. आणि बहिणीला आकड्यांसकट सांगा. काळजी करणाऱ्या माणसाला काय करता येईल हे कळलं की टोमणे थांबतात. महिन्यातून दोनदा तिच्याकडून चार वेळांचा रस्सा डब्यांत भरून आला आणि तुमच्या कप्प्याला तीन चांदण्या असल्या, तर तो सहज राहील, आणि एकच असेल तर आठवड्यात संपेल तेवढाच मागवा.